मानसोपचारच का, ते एका पानात

अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक इस्पितळांत आज जे मराठी डॉक्टर रात्रपाळ्या करतात, त्यांच्या आज्या मी मारल्या आहेत. गळा दाबून नव्हे, इंग्रजीतून. अर्ज हृदयविकाराचा असला की आजी छातीत कळ येऊन जायची, मेंदूचा असला की अर्धांगाने, आणि बालरोगाचा असला की आजीला जिवंत ठेवून एखादा धाकटा मामेभाऊ न्यावा लागायचा. मी नेलेली सगळी माणसं ओळीने उभी केली, तर रांगेचं एक टोक नाशिकच्या द्वारका चौकात आणि दुसरं ओझरच्या विमानतळावर निघेल. थोडी अतिशयोक्ती धरा, पण रांग वाटेतल्या आडगावच्या अलीकडे संपणार नाही एवढं नक्की.

मी डॉक्टर नाही, टायपिस्ट आहे. निम्मी हयात नाशिकच्या कोर्टाच्या आवारात टेबल टाकून प्रतिज्ञापत्रं बडवली, आणि उरलेली कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, 'इंग्रजी लेखन, सर्व प्रकारचे' अशा पाटीखाली बसून काढली. सर्व प्रकारचे म्हणजे आधी नोकरीचे अर्ज, मग परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज, आणि शेवटी फक्त डॉक्टरांचे. एका डॉक्टरचं काम झालं की त्याच्या वर्गातले सगळे येतात. मेंढरांना लाजवतील.

बाहेरच्या माणसाला हा धंदा कळत नाही म्हणून सांगतो. इथे एमबीबीएस झालेला मुलगा अमेरिकेत जाऊन पुढचं शिक्षण घेतो, त्याला रेसिडेन्सी म्हणतात. त्यासाठी परीक्षा द्याव्या लागतात, मोठ्या डॉक्टरांची शिफारसपत्रं लागतात, आणि एक पान लागतं. ते पान म्हणजे पर्सनल स्टेटमेंट. हीच शाखा का घ्यायची आहे, ते त्या एका पानात सांगायचं. अर्ज सप्टेंबरात जातात, हिवाळ्यात मुलाखती होतात. मग मुलं इस्पितळांची पसंती लावतात, इस्पितळं मुलांची लावतात, आणि मार्चमध्ये संगणक दोघांची जोडी जुळवतो. वधूवर मेळावाच तो, फक्त पोहे नसतात.

आता पंचविशीतल्या पोराला हीच शाखा का, हे कुठून ठाऊक असणार? त्याला एवढंच ठाऊक असतं की त्याचे मार्क कमी आहेत आणि या शाखेत जागा जास्त आहेत. मग तो माझ्याकडे येतो. मी त्याला एक रुग्ण देतो, एक पाऊस देतो, थोडे अश्रू देतो, शेवटी आशेची एक ओळ टाकतो. एका पोराला मी इगतपुरीच्या पुरात ओढा ओलांडायला लावला होता, खांद्यावर अडलेली बाळंतीण. पोरगं इतकं बारीक की बाळंतिणीनेच त्याला खांद्यावर घेतलं असतं. मुलाखतीत त्याला विचारलं, कोणत्या खांद्यावर? तो म्हणाला, दोन्ही. तरीही त्याला घेतलं. तेव्हापासून अमेरिकेबद्दल माझं मत फार चांगलं झालं आहे.

पण मानसोपचार हा माझ्या दुकानातला सगळ्यात अवघड माल. आमच्या जिल्ह्यात मधुमेह घरोघरी सापडतो, मोतीबिंदू घरोघरी सापडतो, पण डोक्याने आजारी माणूस कायम पलीकडच्या गल्लीत राहतो. कुणाच्याच घरी नसतो. आणि या धंद्यातले मोठे सल्लागारही बजावतात की घरातल्या आजाराचं लिहू नका, वाचणारा घाबरतो. म्हणजे रुग्ण घरचा नको आणि बाहेरचा कुणी ठाऊक नाही. त्यात आता ते एआय की काय म्हणतात ते लिहिणारं यंत्र आलंय. मुलं त्याच्याकडून पान लिहून घेतात आणि माझ्याकडे येऊन म्हणतात, "सर, हे जरा माणसासारखं करून द्या." माझा हुद्दा आता एवढाच उरला आहे. यंत्राच्या लिखाणाला घाम आणून देणारा माणूस.

माझी एक खोड मात्र यंत्रात नाही. कोर्टात ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मास्तर एकदा माझ्यावर भयंकर चिडले होते. सायखेड्याचा एक माणूस आला, वारसाच्या कामासाठी प्रतिज्ञापत्र हवं म्हणाला, थोरला भाऊ मयत म्हणून लिहून घेतलं. मी टाइप केलं, त्याने सही केली, आणि मयत भाऊ बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर लिंबू जास्त पिळायला सांगत उभा होता. मास्तरांनी त्या दिवशी नियमच घातला, की कागदात ज्याचं नाव येईल त्याच्या कानावर तो कागद गेलाच पाहिजे. तो नियम मी पुढे दुकानातही चालवला. आज्या मेलेल्या असायच्या म्हणून सोपं जायचं. पण कागदात जिवंत माणूस आला की मी त्याला वाचून दाखवल्याशिवाय पान हातात देत नसे. गिऱ्हाइकं हसायची. मला त्याचा फार अभिमान होता.

डॉ. ऋतुजा कुशारे ऑगस्टमध्ये आली. ओझरची. वडील तिथल्याच विमानाच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, आई नाही. तिने यंत्राचं पान पुढे ठेवलं. पहिलंच वाक्य, मानवी मन हा अथांग सागर आहे.

"हा सागर या महिन्यात माझ्याकडे चौथ्यांदा आलाय," मी म्हटलं. "टेबल भिजायला लागलंय माझं. मानसोपचारच का, ते सांगा."

"मला मनाच्या गुंतागुंतीत रस आहे, सर."

"तो मलाही आहे. माझ्या बायकोच्या. मी काय अर्ज करतो का?"

ती हसली नाही. मी नेहमीचे रुग्ण दाखवायला सुरुवात केली. त्र्यंबककडची एक विधवा होती माझ्याकडे, निराशेने ग्रासलेली, बऱ्यापैकी नवी, फक्त एका मुलीला दिलेली. ऋतुजा ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तुम्ही हे सगळं बनवता?"

"डॉक्टर, तुमच्या त्या यंत्रापेक्षा बरं बनवतो."

"मला बनवायची गरज नाही. फक्त लिहायचं नाहीये."

मग तिने सांगितलं. तिचा थोरला भाऊ स्वप्नील. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याला पंख्यातून माणसं बोलताना ऐकू यायला लागली. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग दुसरा देवऋषी केला, मग डॉक्टर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तो घेईना. तेव्हा आईने आपल्याकडे सगळ्या आया करतात तेच केलं. गोळी कुटून जेवणात घातली. ते त्याला कळलं, आणि त्याने घरात जेवणच सोडलं. आईच्या हातचं नाही, बापाच्या हातचं नाही. नळाचं पाणी आणि केळी, कारण केळ्याचं साल त्याला स्वतः काढता यायचं. हा सहा फुटी मुलगा वाळत चालला. ऋतुजा तेव्हा अकरावीत. एके दिवशी ती त्याच्यासमोर जाऊन बसली, गोळी तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "दादा, ही गोळी आहे. हिच्यानं झोप येते आणि तोंड कोरडं पडतं. घ्यायची की नाही ते तू ठरव." तो बराच वेळ बघत राहिला आणि त्याने घेतली. त्या दिवसापासून आजपर्यंत तो फक्त तिच्या तळहातावरून गोळी घेतो.

मी इतकी वर्षं हा धंदा केला, पण इतकं तयार पान माझ्यासमोर कुणी आणून टाकलं नव्हतं. माझे हात शिवशिवायला लागले. आजी नको, पूर नको, काही नको.

"हेच लिहायचं," मी म्हणालो.

"सगळे नको म्हणतात. आणि बाबा लोकांना सांगतात की तो पुण्याला असतो."

"अमेरिकेतला माणूस ओझरला येऊन सांगणार आहे का?" मी म्हटलं. मग तोंडातून सहज निघून गेलं, "तुम्ही गेल्यावर गोळी कोण देणार?"

तिने पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली. "बाबांनी एक आश्रम बघितलाय. घोटीच्या पुढे, डोंगरात. चांगला आहे म्हणतात. माझं झालं तर जूनमध्ये मी जाणार. त्याच्या आत त्याला तिथं ठेवायचं."

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही. आत्ता नको सांगायला. झालंच नाही माझं, तर उगाच."

मी मग माझा नियम सांगितला. ती भडकलीच. "सर, त्याला नाही समजणार."

"इंजिनिअरिंगची तीन वर्षं समजली, तर माझं एक पान समजेल."

"आणि वाचूनच दाखवायचं असेल तर यंत्र काय वाईट होतं? त्याला असले नियम नसतात."

मी हट्ट सोडला नाही. पान मी असं लिहिलं की स्वतःचीच दृष्ट काढावी. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "रविवारी या. आश्रमाचं बोलू नका."

ओझरला त्यांचं घर एका बऱ्या कॉलनीत, मागे द्राक्षबाग. स्वप्नीलनेच दार उघडलं. गोळ्यांनी अंग सुटलेलं, केस तेल लावून चापून बसवलेले, सदऱ्याचं वरचं बटणही लावलेलं. मला बघून म्हणाला, "तुम्हीच का ते खोटं लिहिणारे काका?"

"स्वप्नील!" आतून वडील ओरडले.

"ऋतूच म्हणाली."

कुशारे बाहेर आले. छातीचं मोठं ऑपरेशन झालेला माणूस, एका हाताने छाती धरून चालायची सवय लागलेली. मला बघून त्यांचं तोंड आंबट झालं. "काय ते वाचा आन् मोकळं व्हा," म्हणाले. "घरातलं कागदावर आणायची लय हौस आलीय लोकांना."

मी वाचत गेलो, वाक्यागणिक मराठी करत. मी कोर्टात जजसमोर वाचलंय, पण इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस कधी पाहिला नव्हता. पंख्याचं आलं तेव्हा त्याने वर बघून मान डोलावली. गोळी शिऱ्यात घातल्याचं आलं तेव्हा त्याने हात वर केला.

"शिऱ्यात नाही. कढीत."

"शिरा ऐकायला बरा वाटतो हो," मी म्हटलं.

"शिऱ्यात असती तर मी खाल्ली असती, काका. आईचा शिरा कोण सोडणार?"

ऋतुजा खुदकन हसली आणि लगेच रडायला लागली. मी शिरा खोडून कढी केली. अमेरिकेतल्या माणसाला कढी कशी समजवायची या काळजीत पुढचं वाचलं. संपलं.

"चांगलंय," स्वप्नील म्हणाला. "खरं आहे सगळं. हे कशासाठी?"

"अमेरिकेत शिकायला अर्ज करतेय ती."

"म्हणजे हे वाचून ते तिला बोलावणार."

"आपल्या नशिबात असेल तर."

तो तळहाताकडे बघायला लागला. स्वतःच्याच. मग म्हणाला, "यात लिहिलंय की मी हिच्याच हातून गोळी घेतो. आणि हे वाचून ते तिला घेऊन जाणार. मग मी?"

या धंद्यात मी हजार पानं लिहिली असतील, पण माझ्या पानाचा अर्थ इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितला नव्हता. ऋतुजा खाली बघत होती. मी पंख्याकडे बघत होतो. बोलले कुशारेच. लपवायचा त्यांना कंटाळा आला असावा.

"तुझी सोय केलीय. घोटीच्या पुढं आश्रम हाय. डॉक्टर येतो तिथं. डोंगर हाय, हवा हाय. तुझ्यासारखीच माणसं हायत."

"मी बघितलेलं नाही."

"बघशील की."

स्वप्नील उठला, आत गेला. भांड्यांचा आवाज आला. तो बेसिनशी उभा राहून चहाची भांडी घासत होता, सावकाश, कपाच्या कानातून बोट फिरवून. ऋतुजा माझ्याकडे वळली. "झालं समाधान? वाचून दाखवलंत ना? कानावर गेलं ना?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी निघण्यासाठी पिशवी उचलली, तेवढ्यात तो हात पुसत बाहेर आला.

"काका, ऋतूचं पाठवून द्या. माझी हरकत नाही. तिनं जायला पाहिजे. हुशार आहे ती." मग जरा थांबून, "मला पण एक लिहून द्या."

"तुला कुठं जायचंय?"

"कुठं नाही. इथंच राहायचंय. तिनं अर्ज केला की तिकडचे लोक वाचून ठरवणार, घ्यायची की नाही. तसा माझा अर्ज बाबांना. मला इथं ठेवायचं की नाही ते त्यांनी वाचून ठरवावं."

कुशारे म्हणाले, "आता ह्याचं काय!" पण बसून राहिले. मी जेवणाच्या टेबलावर कागद काढला. मराठीत लिहायचं होतं, फुकट लिहायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगचं काही घालायचं नव्हतं. मी तरी दोनदा प्रयत्न केला. 'या वास्तूशी माझं अतूट नातं आहे' असं लिहिलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "वास्तू कोण म्हणतं? घर लिहा." शेवटी मी सवयीने आशेची ओळ टाकली, की मी लवकरच पूर्ण बरा होईन. त्यावर त्याने सरळ बोट ठेवलं.

"हे काढा. हे खोटं निघालं तर बाबा बाकीचं पण खोटं धरतील."

उरलं ते असं. मी ते पाठ केलेलं नाही, पण विसरताही येत नाही:

'मी स्वप्नील. मला या घरात राहायचं आहे. सकाळची आणि रात्रीची भांडी मी घासतो. कुकरची शिट्टी काढून धुतो, ऋतू धूत नाही. मी पूर्वी ओरडायचो. आता ओरडत नाही, पंखा चालू असला तरी. खूप वाटलं तर गच्चीवर जातो आणि तिथेही ओरडत नाही. बाबांना रात्री ढास लागते तेव्हा पाणी मी देतो. आईचा फोटो मी पुसतो. पाहुणे आले तर मी मागच्या खोलीत बसतो आणि बसेन. ऋतू गेल्यावर गोळी बाबांच्या हातून घ्यायचा प्रयत्न करीन. मला दुसरीकडे झोप लागत नाही. एवढंच.'

कागदात कुशाऱ्यांचं नाव आलं होतं. म्हणून नियमाने मी तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. पाहुण्यांचं वाक्य आलं तेव्हा ते खिडकीकडे बघायला लागले. मी थांबलो तरी ते तिकडेच बघत होते.

"पाणी देतो हे खरं हाय," शेवटी म्हणाले. "भांडी पण." मग माझ्याकडे वळले. "आन् मी गेल्यावर? छाती फाडून झालीय माझी, साहेब. एका सकाळी मी उठलो नाय तर हा कुणाला वाचून दाखवणार हा अर्ज? शेजाऱ्याला? आश्रमवाले म्हणतात, आत्ता जागा हाय, पुढच्याला नसंल. मी जिता असताना ह्याला तिथं रुळवायचा का मी मेल्यावर पोलिसांनी न्यायचा, एवढंच माझ्या हातात हाय."

मी पेनाला टोपण लावलं. स्वप्नील म्हणाला, "आत्ता नका सांगू. ऋतूचा निकाल लागेल ना, तेव्हा माझा पण सांगा. तोवर विचार करा."

"बरं," कुशारे म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, ऑपरेशन झालेल्या बाजूला.

ऋतुजाने पुढे कितीतरी दिवस माझा फोन उचलला नाही. मला वाटलं, पान गेलं. अर्जाची मुदत संपत आली तेव्हा तिने ते मला परत पाठवलं. सगळं माझंच होतं, फक्त आशेची ओळ काढून तिथे तिने स्वतःची घातली होती. त्या इंग्रजीचं मराठी असं, की माझ्या भावाला घरीच राहायचं आहे, आणि मी तरीही हा अर्ज करते आहे. मी फोन करून म्हटलं, डॉक्टर, या ओळीने तुमचं वाटोळं होईल, अशी ओळ कुणी लिहितं का? ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, कागदात जो येतो त्याच्या कानावर गेलं पाहिजे. मी पण आहे त्या कागदात." आणि फोन ठेवला.

मुलाखतींची बोलावणी तिला ढीगभर आली. किती ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल हा पुन्हा फेकतोय. सगळीकडे त्याच एका ओळीबद्दल विचारलं म्हणे. तिने काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात मी ओझरला जाऊन यायचो. कारण नसताना. द्राक्षं घ्यायला आलो म्हणायचो. तेव्हा गोळीचा सराव चाललेला असायचा. कुशारे तळहातावर गोळी घेऊन उभे, आणि समोर घामाने डबडबलेला तो आडदांड मुलगा. "ही गोळी हाय," कुशारे पढवल्यासारखं म्हणायचे, "घ्यायची का नाय ते तू ठरव." कधी जमायचं. कधी तो तोंडापर्यंत नेऊन खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "बाबा, उद्या." मग ऋतुजा यायची. जमलं त्या दिवशी तो मला म्हणायचा, "काका, हे अर्जात घालता येईल का?" मी म्हणायचो, अर्ज गेला रे आता, त्यात बदल होत नसतो. तिकडचा नियमच मी त्याला सांगत होतो. तसा नियम त्याच्या अर्जाला नव्हताच. कशाला सांगितला कुणास ठाऊक.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही वाट बघणार नाही. ऋतुजा जूनमध्ये गेली. ती आता एका अशा गावात मानसोपचाराची रेसिडेन्सी करते जिथे म्हणे सहा महिने बर्फ असतो, आणि तिचे वरिष्ठ तिच्यावर खूश आहेत. स्वप्नील तिच्या आधी आठवडाभर घोटीच्या पुढे गेला. ऋतुजाला त्याला तिथे रुळलेलं बघून जायचं होतं. मी दोनदा जाऊन आलो. डोंगर आहे, हवा आहे. माणसं वाईट नाहीत. तो झोपत नाही.

आता त्या संध्याकाळचं सांगतो. मार्चमध्ये निकाल आला आणि कुशाऱ्यांनी मला पेढ्यांना बोलावलं. घर भरलेलं होतं. शेजारी, कारखान्यातले जुने सहकारी, ऋतुजाच्या मैत्रिणी. कुशारे सगळ्यांना अडवून अडवून सांगत होते, पोरगी अमेरिकेला, डोक्याची डॉक्टर. स्वप्नील मागच्या खोलीत होता, अर्जात लिहिल्याप्रमाणे. मला दाराच्या फटीतून त्याचे गुडघे दिसत होते. इस्त्रीची पँट घातली होती.

माणसं गेली. आम्ही चौघेच उरलो. तो बाहेर आला, ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पेढा अर्धा तोडून तिला भरवला. मग वडिलांसमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, माझं?"

कुशाऱ्यांनी पेढ्यांचा खोका टीपॉयवर ठेवला. परत उचलला. शेवटी मांडीवर घेऊन बसले.

"नाय झालं, बाळा."

ऋतुजा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. स्वप्नीलने मान हलवली. ओरडला नाही. वरचा पंखा चालू होता. निकाल लागला की मुलं विचारतात तसं त्याने विचारलं,

"किती अर्ज आले होते?"

"तुझाच," कुशारे म्हणाले.

"आणि जागा?"

कुशाऱ्यांनी एका हाताने छाती धरली. स्वप्नीलने खोलीभर नजर फिरवली. सोफा, आईचा फोटो, मागच्या खोलीचं दार, बेसिन.

"जागा तर आहे," तो म्हणाला, आणि पाहुण्यांचे कप गोळा करू लागला.